अननस, गवा आणि आमची नणंद

मुंबईहून परत आल्यावर आमच्या वाडीतल्या बायकांनी मला आधी विचारलं ते हेच, काय काय बघितलंस. चौपाटी बघितलीस का, राणीचा बाग बघितलास का. मी म्हटलं, मी नणंद बघितली. त्या हसल्या, पण मी खरं तेच सांगत होते. ज्या कामाला गेले होते ते सगळं नणंदेच्या मानेवर अवलंबून होतं. ती मान उभी हलते की आडवी, एवढंच बघत मी मुंबईत हिंडले. बाकीची मुंबई त्या मानेच्या आजूबाजूला जेवढी दिसली तेवढीच दिसली. ती इथे सांगते.

आमचं गाव सिंधुदुर्गात, घाटाच्या पायथ्याशी. घरामागे काजू, आणि काजूच्या वर एक डोंगरउतार. त्याला आम्ही वरचं रान म्हणतो. तिथे कुणी काही लावलेलं नाही, जे आहे ते आपोआप आलेलं. ऐन, किंजळ, कुंभा, मधूनमधून जांभूळ. घाटावरचे गवे खाली उतरतात ते ह्याच रानातून, आणि उतरतात ते थेट आमच्या भातात. तेही कापणी तोंडावर आली की. कळप एकदा येऊन गेला की त्या कोपऱ्यात मळणीला काही उरत नाही.

रान तिघांच्या नावावर आहे. एक माझे यजमान, एक माझी थोरली जाऊ, तिला मी वयनी म्हणते, आणि एक आमची मुंबईची नणंद शालन. मोठे दीर वारले तेव्हापासून त्यांचा हिस्सा वयनीकडे. मागच्या वर्षी एक अननसवाला आला. उतार साफ करून अननस लावतो, तुम्हाला दरसाल भाडं देतो म्हणाला. वयनीला ते पसंत पडलं. रान गेलं की गव्यांची वाट गेली, असा तिचा सरळ हिशेब.

त्याच सुमारास ऋचा नावाची एक मुलगी आमच्या पडवीत राहून गेली होती. गिरगावची. जंगली जनावरांना सांभाळून घ्यायला शेतकरी तयार आहेत का, आणि असले तर कशाच्या बळावर, ह्याचा ती अभ्यास करत होती. तिच्या संस्थेचं म्हणणं असं, की रान तोडू नका, आम्ही खालच्या भाताला हलका झटका देणारं सौर कुंपण घालून देतो. मला हे पसंत होतं. मला गव्यांचा लळा आहे असं नाही. पण त्या रानामुळे आमच्या विहिरींना पाणी आहे असं माझे सासरे म्हणायचे, आणि सासऱ्यांचं आयुष्यात फारसं काही बरोबर निघालं नसलं तरी पाण्याचं निघालं होतं.

यजमानांना विचारलं तर म्हणाले, "तुम्ही दोघी आणि शालू काय ते ठरवा, मी सही करतो." घरात दोन बायकांचं वाजलं की त्यांना नेमकं गुरांना पाणी दाखवायचं आठवतं.

तर एक मत वयनीचं, एक माझं, आणि उरली शालू. संस्थेने दादरला सभा ठेवली होती. शेतकऱ्यांनी स्वतः येऊन बोलावं म्हणून आम्हा दोघींना बोलावणं आलं. वयनी म्हणाली, "मी येतंय. तू एकटी गेलंस तर गव्याचा लगीन लावन येशील."

करी रोड

शालू पूर्वी चाळीत राहायची. चाळ पाडून तिथे टॉवर झाला, आणि तिला एकोणिसाव्या मजल्यावर घर मिळालं. लिफ्ट वर निघाली तशी वयनीने माझा हात घट्ट धरला. अननसावरून निघताना आमचं वाजलं होतं आणि गावापासून ती माझ्याशी बोललेली नव्हती. दार उघडल्यावर तिने हात सोडला आणि अबोला जिथे थांबला होता तिथून पुढे चालू केला.

शालूचे यजमान मुलाकडे पुण्याला गेले होते, त्यामुळे घरात आम्ही तिघीच. आमच्याकडे नणंद माहेरी आली की जावा पहिल्या दिवशी कौतुक करतात आणि पुढे तिची पाठ फिरायची वाट बघतात. इथे सगळं उलटं झालं. वयनीने पिशवी खाली ठेवली आणि हातपाय धुवायच्या आधी शालूचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं. ते बघून मी घावणे घातले, सोबत नारळाचा रस. वयनीने शालूच्या डोक्याला तेल लावायला घेतलं, तर मी तिची कपाटं आवरली. शालू काही बावळट नाही. पहिल्या संध्याकाळीच तिने ओळखलं. सोफ्यावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "तुम्ही दोघी किती बदललात गं. माझं लग्न होईपर्यंत असं का नाही केलंत?"

वयनीने विचारलं, "रानाचा काय ता?"

"बघूया ना. टेन्शन नको घेऊ," शालू म्हणाली आणि आणखी एक घावणा घेतला.

वयनी गावाहून पुरावा घेऊन आली होती. गवा काही मुंबईत आणता येत नाही, म्हणून तिने उन्हात वाळवलेलं गव्याचं शेण डब्यात भरून आणलं होतं. सभेत टेबलावर ठेवायचं आणि विचारायचं, हे ज्याच्या पोटातून आलं त्याने आधी काय खाल्लं असेल सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घासून पालथा घातलेला दिसला. शालूने ते शेण कुस्करून गॅलरीतल्या तुळशीला आणि कढीपत्त्याला घातलं होतं. "किती छान खत आणलंस गं वयनी," ती म्हणाली, "इथे नर्सरीवाला माती विकतो ती पण नकली." नणंदेला दुखवायचं नाही असं ठरवून आलेली वयनी हसली. असं हसताना मी तिला आजवर एकदाच पाहिलं होतं, जावयाने घरात बूट घालून प्रवेश केला तेव्हा.

पण ते खतही वायाच गेलं. त्या कुंड्यांत कबुतरांनी मुक्काम ठोकला होता. गॅलरीचा कठडा पांढरा, वाळत घातलेले कपडे पांढरे, कढीपत्त्याला एक पान नाही. जाळी लावायची तर सोसायटीची परवानगी लागते आणि बाहेरून इमारत वाईट दिसेल म्हणून सेक्रेटरी ती देत नव्हता. वरच्या मजल्यावर कुणीतरी रोज दाणे टाकतं. शालू सांगताना रडकुंडीला आली. "माझ्या घरात मी खिडकी उघडू शकत नाही."

वयनीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा गॅलरीतून परातीवर पळी आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ "हूऽऽऽ हो हो हो हूऽऽऽ". आमच्याकडे शेताच्या राखणीला बसतात तेव्हा हाळी घालतात तीच. ती दरीपलीकडे ऐकू जावी म्हणून असते. एकोणिसाव्या मजल्यावरून ती कुठवर गेली असेल ते देवाला माहीत. कबुतरं तर उडालीच, पण खाली गाड्या पुसणारी माणसं हातातलं टाकून वर बघायला लागली, आणि आमच्या वर-खाली खिडक्या उघडल्या. शालू दात घासत होती, ती तशीच न्हाणीत जाऊन बसली.

तेवढ्यात समोरच्या टॉवरमधून उत्तर आलं. "हूऽऽऽ हो हो." आवाज म्हातारा होता, पण हाळी अस्सल होती. एका खिडकीत बंडी घातलेले आजोबा दिसले. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी विचारलं, "वांदर काय गवो?"

वयनी ओरडली, "कबुतरां."

आजोबा जरा विचारात पडले. मग म्हणाले, "तेंका काय कळतला? ती हयली, मुंबयची."

मागोमाग वॉचमन आला. "मावशी, सात कंप्लेंट आल्यात. घरात कोणाला काय झालं काय?" वयनी त्याला हाळीचे प्रकार समजावून सांगायला लागली तेव्हा मी तिला आत ओढलं.

दुपारी ते आजोबा काठी टेकत आमच्याकडे आले. गावडे त्यांचं नाव. गिरणी बंद पडेपर्यंत तिथे कामाला होते, आणि गाव आमच्यापासून दोन डोंगर पलीकडे. लहानपणी भाताच्या राखणीला शेतातल्या खोपटात, मांगरात झोपायचे. आज हाळी ऐकली तेव्हा काही कळायच्या आत तोंडातून उत्तर निघून गेलं म्हणाले, आणि सुनेने डॉक्टरला फोन लावला.

"अजून गवे येतत?" त्यांनी विचारलं.

"येतत तर," वयनी म्हणाली. "यंदा तर जास्तच."

"बरा," आजोबा म्हणाले.

"बरा काय तेच्यात?"

"म्हणजे गाव आसा अजून," ते म्हणाले.

वयनी लगेच म्हणाली, "तुमका हयसून बरा दिसता. भात आमचा जाता." आजोबांनी मान डोलावली. जाताना वयनीने त्यांना काजूगर बांधून दिले.

ह्या सगळ्याचा एक फायदा झाला. परत कुणी हाळी घालू नये म्हणून सेक्रेटरीने दुसऱ्याच दिवशी जाळीवाला धाडून दिला.

लालबाग

जाळीवाला भोकं पाडत होता तोवर शालू आम्हाला लालबागला घेऊन गेली. आधी मासळी, मग मसाला, असा तिचा क्रम. मसाल्यावाल्या गल्लीत गेल्यावर शिंका येतात आणि मग मासळी ताजी की शिळी ते नाकाला कळत नाही, असं तिचं शास्त्र.

बाजारात ती हिराबाय नावाच्या कोळणीकडेच जाते. हिराबाय जाडजूड, केसात अबोलीचा गजरा, आणि पुढ्यात बांगडे. वयनीने बांगड्याचे कल्ले उघडून बघितले आणि भाव पाडायला सुरुवात केली. हिराबायने तिचं सगळं बोलणं ऐकलं आणि म्हणाली, "बाय, तू गावची दिसतेस. गावाला बांगडा झाडाला लागतो काय?" मग दोघींचं जमलं. वयनीचं ज्यांच्याशी जमतं त्यांच्याशी भांडूनच जमतं.

आम्ही कशाला आलो ते शालूने सांगितलं. हिराबाय म्हणाली, "आमच्याकडे पण हाय तसंच. आमच्या मालकाने मागल्या महिन्यात कासव सोडलं. जाळ्यात अडकलेलं. एवढं मोठं. जाळं कापून सोडायला लागलं."

वयनीला ते पटेना. "जाळा कापला? आपलाच जाळा?"

"मग काय शेजाऱ्याचं कापेल? कासव म्हणजे देव ना आमचा. आणि सरकारकडून भरपाई पण मिळते. फोटो काढायचा, अर्ज करायचा."

"आणि भरपाई येईसर?"

"तवर मी हाय ना," हिराबाय म्हणाली आणि कोयत्याने बांगड्याचं डोकं उडवलं. "त्याने कासव सोडलं, घर मी धरलं. सगळे त्याचे फोटो काढून गेले. मी इथेच बसलेली."

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. बांगडे साफ करून पिशवीत घातले, वर एक जास्तीचा टाकला. मसाल्याच्या गल्लीत पोत्यांतून मिरच्यांचे लाल ढीग लागलेले, कांडपाच्या यंत्रांची खडखड, आणि डोळ्यांतून पाणी. शालू आणि मी शिंकून शिंकून अर्धमेल्या झालो. वयनी शिंकलीसुद्धा नाही. बेडगी आणि संकेश्वरी हातात धरून ती नुसतीच उभी. शेवटी मला म्हणाली, "भरपाई येईसर कोण धरता घर, ह्या कोणी इचारणा नाय." गावाहून निघाल्यापासून माझ्याशी आपणहून बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

गिरगाव

ऋचाने आम्हाला सभेच्या आधी घरी जेवायला बोलावलं होतं. गिरगावातल्या एका वाडीत, जुन्या इमारतीत तिचं घर. जिना लाकडी, वापरून मधोमध खोलगट झालेला. लिफ्ट नाही म्हणून वयनीला ते घर बघताक्षणीच आवडलं.

ऋचाचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, बँकेतून निवृत्त झालेले. धोतराची सवय सुटून पायजम्यावर आलेला अगदी सभ्य माणूस. त्यांना जंगलाचं भारी वेड. दरवर्षी ताडोबाला जातात, वाघ अजून दिसलेला नाही. "एकदा शेपटी दिसली होती," ते म्हणाले.

"ती काठी होती," ऋचा आतून म्हणाली.

बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोन मोठ्या तसबिरी होत्या, शेजारी शेजारी. एक ऋचाच्या आईची, चंदनाचा हार घातलेली. दुसरी गव्याची. अण्णांनी स्वतः काढलेला फोटो, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, खांदे फुगवून उभा. वयनी त्याच्यासमोर बराच वेळ थांबली.

"काय देखणा आहे ना?" अण्णा म्हणाले.

"आमच्याकडे भिंतीवर गेलेल्या माणसांचे फोटो लावतत," वयनी म्हणाली. "हो कधी गेलो?"

अण्णा गडबडले. तो जिवंतच असावा असं म्हणाले. वयनीने निःश्वास टाकला. मग अण्णांनी तिला बाजूला बसवून घेतलं आणि एकेक विचारायला सुरुवात केली. गवा किती जवळून बघितलात, तो फुरफुरतो कसा, वास कसा येतो. वयनीला कुणी कधी असं विचारलेलं नव्हतं. आमच्याकडे गव्याबद्दल विचारतात ते किती नुकसान झालं एवढंच. तिने सगळं सांगितलं. माजलेला नर कसा चालतो, माद्या वासरांना मधे घेऊन कशा उतरतात, एक म्हातारी मादी कशी पुढे येऊन वयनीकडे टक लावून बघते आणि मग खुशाल चरायला लागते. सांगताना ती स्वतःच मान वाकडी करून त्या मादीसारखी बघत होती.

अण्णा म्हणाले, "तुम्ही किती भाग्यवान आहात."

मी डोळे मिटून घेतले. आता वयनी काहीतरी बोलणार. पण ती म्हणाली, "तुम्ही येवा. तिकीट लागणा नाय. फक्त भात कापूच्या दिवसात येवा, कापूक माणसां मिळत नाय."

अण्णांनी ताबडतोब हो म्हटलं. ऋचाने वरणभात, अळूची भाजी आणि श्रीखंड केलं होतं. वयनीने अळूत काजू का नाहीत विचारलं. नव्हते, कारण महाग होते. तेव्हा गावडे आजोबांना देऊन उरलेले काजूगर तिने पिशवीतून काढले आणि ऋचाच्या हातावर ठेवले.

दादर

सभेचा दिवस. शालूही आमच्याबरोबर आली. मी सभेत बोलायचं म्हणून घरून भाषण पाठ करून आले होते. रान, पाणी, आपली पुढची पिढी. न्हाणीत म्हणून बघितलं होतं तेव्हा मलाच भरून आलं होतं.

सभागृह लहान, पण थंडगार. पुढे संस्थेचे प्रमुख, एक पिकलेल्या दाढीचे गृहस्थ, बोलायला मऊ. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. शेतकऱ्यांची तयारी किती, कशावर अवलंबून, असे रंगीत खांब उभे केले. मग मला बोलायला बोलावलं. मी माईकसमोर उभी राहिले आणि रान, पाणी, पुढची पिढी ह्यातलं एक अक्षर आठवलं नाही. समोर वयनी आणि शालू शेजारी शेजारी बसलेल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलले ते वयनीबद्दल.

दोन पावसाळ्यांपूर्वी गव्याचं एक पाडस वयनीच्या विहिरीत पडलं. वर मादी धुमसत उभी. वनखात्याची माणसं आली, यंत्र आणलं, पण विहिरीचा कठडा आड येत होता. कठडा मोडून उतार काढला तरच पाडस वर येणार. वयनीने कठडा स्वतःच्या हाताने मोडायला घेतला. मोठ्या दिरांनी बांधलेला होता तो. दिवसभर ती गव्यांना शिव्या देत होती आणि दिवसभर माती उपसत होती. पाडस वर आलं आणि पळालं. कठडा अजून तसाच आहे, तिथे आता बांबू बांधलेत.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वयनीचा चेहरा मात्र रागाने काळा पडला होता. घरातली गोष्ट मी चव्हाट्यावर आणली होती. दाढीवाले गृहस्थ म्हणाले, "ताई, आम्हाला सांगा, तुम्ही असं का केलंत? मनात काय होतं त्या वेळी?"

वयनी उठली. माईक तिने घेतला नाही, तिला त्याची गरजही नव्हती. "मनात काय आसतला? पडलेल्याक काढूचा नाय तर काय करूचा? ता थयच मेला आसता तर मगे पाणी कोण पिणार?"

सगळे हसले. ती हसली नाही. "हसा नको," ती म्हणाली. "तुम्ही इचारतास तयारी आसा काय. तयारी आमची रोजची आसा. तयारी करूनच आम्ही भात पेरतव. पण कुंपण घालतास तर कापणीच्या आधी घाला. कापणी झाल्यार येऊन आमचे फोटो काढू नका. भरपाई येईसर घर कोण धरता, ता आधी सांगा." मग खाली बसता बसता आठवून म्हणाली, "आणि टाळये नको. कठडो बांधून देवा."

दाढीवाल्या गृहस्थांनी बरंच काही लिहून घेतलं. ते म्हणाले, कुंपण भात कापणीला येण्याआधी उभं राहील असा शब्द मी देतो, पण लेखी शब्द संस्थेच्या बैठकीनंतरच देता येईल. माणूस खरा वाटला. सभा संपल्यावर चारदोन जणी वयनीबरोबर फोटो काढायला आल्या. तिने काढू दिले, पण चेहरा विहिरीवर माती उपसतानाचाच ठेवला.

सभागृहाबाहेर आम्ही तिघी एका उपाहारगृहात बसलो. थालीपीठ आणि पियूष. वयनी माझ्याशी बोलेना, आणि ह्या वेळी तिचं बरोबर होतं. मी म्हटलं, "वयनी, चुकलं माझं. सांगायला नको होतं."

"मग भाषण खय गेला तुझा?"

"विसरले."

"रोज न्हाणीत बोंबलत होतंस तेव्हा नाय विसरलंस," ती म्हणाली, आणि हसू आवरता न आल्याने तिच्या नाकातून पियूष आलं. तिचा राग असाच जातो.

शालू दोघींकडे बघत होती. ती म्हणाली, "मला सांगायचंय ते ऐका. काल जाळी लागली ना गॅलरीला. आज सकाळी चहा घेऊन उभी राहिले तर बाहेर कठड्यावर कबुतरं बसलेली. इतकी वर्षं मला ती बघवत नव्हती. आज बघितलं तर त्यांच्या मानेवर तो हिरवा-जांभळा रंग असतो ना, तो दिसला. छान दिसली. आत येत नाहीत ना आता, म्हणून." तिने थालीपिठाचा तुकडा लोण्यात बुडवला. "रान एक पावसाळा ठेवूया. कुंपण कापणीआधी आलं तर अननस नाही, कायमचं नाही. आलं नाही तर माझी सही वयनीबरोबर." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सुमनवयनी, तू मग बोलायचं नाहीस."

मी वयनीकडे बघितलं. वयनी म्हणाली, "माका चालता." मी पण म्हटलं चालतं. मान उभी की आडवी एवढंच बघायला मी आले होते. शालूची मान उभीही हलली आणि आडवीही, आणि तरी मला ते बरोबर वाटलं.

परत घरी

तो पावसाळा आम्ही दोघींनी एकमेकींकडे न बघता काढला. श्रावण गेला, गणपती आले-गेले, कुंपणाचा पत्ता नाही. अननसवाला दोनदा येऊन चहा पिऊन गेला. मग भात पोटरीला आलं आणि एका सकाळी टेम्पो आला. खांब, तारा, बॅटरी, आणि संस्थेची दोन माणसं. विहिरीच्या कठड्यासाठी चिऱ्यांचीही एक गाडी होती. चिरे बघून वयनी घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

कुंपणाची रेघ कुठून न्यायची ते मी दाखवलं, कारण रानाची बाजू घेणारी मी. उदार होऊन म्हटलं, गव्यांना वाट मोकळी ठेवा, जरा खालून घ्या, त्यांनाही हिंडायला जागा हवी. त्यांनी खालून घेतलं. भात वाचलं. गवे आले, तारेला नाक लावून फुरफुरत मागे हटले, आणि कापणी निर्विघ्न पार पडली. अण्णा खरंच आले. कोयता उलटा धरला, पण दोन दिवस धरला. अननसवाला पलीकडच्या गावात गेला.

भातानंतर मी नेहमीप्रमाणे वरच्या बांधाला चवळी आणि वाल पेरले. कुंपणाची रेघ त्या बांधाच्या खालून गेली आहे हे माझ्या लक्षात आलं ते एका सकाळी, जेव्हा तिथे एकही वेल उरलेला नव्हता. जमिनीत खुरांचे खळगे, आणि मधोमध ताजं शेण. मी डोक्याला हात लावून बांधावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा गव्यांना मनापासून शिव्या घातल्या. वयनीच्या सगळ्या शिव्या मला पाठ आहेत हे मला तेव्हा कळलं.

वयनी खालून माझ्याकडे बघत होती. आता ती काय म्हणेल ह्याची मी तयारी केली. संध्याकाळी तिने माझ्या दारात चवळीच्या शेंगांची टोपली आणून ठेवली. तिच्या स्वतःच्या, कुंपणाच्या आतल्या.

"ह्या वर्षाक ह्या खा," म्हणाली. "आणि फुडल्या वर्षी चवळी माझ्याकडे पेर. जागा आसा. तुझ्या मनाएवढी नाय, पण आसा."